पंचनामा पिकाचा झाला, बुडालेल्या मजुरीचा कोण करणार?



सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातले सोयाबीन उभ्या शेतात कुजले. त्यानंतर आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावी धान्याची किट घेऊन गेलो. वस्तीतल्या एका मावशींनी पिशवी घेतली आणि विचारले, "लेकरांनो, हे पंधरा दिस पुरंल. पण आमचं नाव सरकारच्या कोणत्या यादीत हाय?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

कारण सरकारी मदत सातबाऱ्यावरून चालते. २०२५ साली आपत्तीच्या केंद्रीय निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते. ही रक्कम तुटपुंजी आहे, शेतकऱ्याला ती वाढवून मिळालीच पाहिजे. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याचे काय? खुरपणी आणि काढणीवर ज्यांचे वर्ष निघते, त्यांचाही हंगाम त्याच पाण्यात गेला. तलाठी बांधावर येऊन पीक पाहतो. बुडालेल्या मजुरीसाठी त्याच्या कागदावर रकानाच नाही. मग मुकादमाची उचल घ्यायची आणि शाळेतली पोरे सोबत घेऊन ऊसतोडीला जायचे, एवढाच मार्ग उरतो.

गायरान कसणाऱ्यांची गत वेगळी नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१चा आहे. तरीही कित्येकांच्या हाती अजून सातबारा नाही. पीक त्यांचे बुडते, पण कागदावर ते पीक त्यांचे नसते.

हा योगायोग नाही. गावात जमीन कुणाकडे राहिली, हा जातीचाच इतिहास आहे. म्हणून तर बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिधर्माचा भेद न करता कसायला देण्याची मागणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह केले, ते याच प्रश्नावर.

किट वाटणे चूक आहे, असे आम्ही म्हणत नाही. १८७७च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. पण जोतीराव तिथे थांबले नाहीत. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यांनी दारिद्र्याचे कारणही विचारले. आम्ही मात्र किटसोबत फोटो काढतो आणि परततो.

म्हणून पुढच्या वेळी पिशवीबरोबर वही न्या. कोणत्या घराचे किती दिवसांचे काम बुडाले, कोण किती गायरान कसतो, हे लिहून काढा. ग्रामसभेत ठराव मांडा, त्याची प्रत तहसीलदारांना द्या. रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता मागा.

मावशींनी आमच्याकडे भीक मागितली नव्हती. त्यांनी यादीतली आपली जागा विचारली होती. ती मिळेपर्यंत आमची मदत अर्धीच आहे.