पळणं फुकट, थांबणं एक्स्ट्रा

शनिवारी सकाळी साडेसातला मोबाईल वाजला की समजायचं, मन्या. मन्या डॅलसला असतो. तिकडे तेव्हा शुक्रवारची रात्र असते आणि शुक्रवारी रात्री मन्याला गाड्या दिसतात.

"बॉस, मिळाली! २०१६ची मस्टँग जीटी. मॅन्युअल! परफॉर्मन्स पॅकेजवाली! फक्त त्या पॅकेजचे दोन हजार डॉलर जास्त मागतोय. उद्या दुपारपर्यंत डिपॉझिट भरायचंय."

"पॅकेज आहे हे कशावरून?"

"जाहिरातीत लिहिलंय ना. शिवाय ब्रेकचे कॅलिपर लाल आहेत. लाँच कंट्रोल आहे. लाइन लॉकसुद्धा आहे!"

माझी झोप उडाली. हा माणूस हॉस्टेलच्या भिंतीवर मस्टँगचं पोस्टर लावून इंजिनिअर झालाय. नऊ वर्षं सेकंडहँड कोरोला चालवून पैसे साठवलेत. बायकोने एकदाच परवानगी दिलीये आणि ती देताना "एकदाच" या शब्दावर चांगला जोर दिलाय. आणि हा पठ्ठ्या लाल रंगावर भुलून दोन हजार डॉलर मोजायला निघालाय.

यात मन्याची चूक अर्धीच. आपल्याला सवय एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआयची. एकेक पायरी चढत जायचं, मागच्या काड्यावर जे लिहिलंय ते गाडीत असतं. भारतात २०१६ साली मस्टँग आली तीही अशीच. एकच जीटी, एकच पाच लिटरचं व्ही-एट, ऑटोमॅटिक, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख. निवडायचा तो फक्त रंग. अमेरिकेत मात्र हे सगळं आपल्या खानावळीसारखं चालतं. राइस प्लेट ठरलेली, पण गोड पाहिजे असेल तर वेगळे पैसे. शेजारच्याच्या ताटात श्रीखंड दिसलं म्हणून ते तुमच्या प्लेटमध्ये येईलच असं नाही.

तर २०१५ ते २०१७च्या अमेरिकन मस्टँग जीटीच्या ताटात मुळात काय होतं? ४३५ हॉर्सपॉवर. हे सगळ्यांना, पॅकेज घ्या किंवा घेऊ नका. मॅन्युअल गाडीला लाँच कंट्रोल, म्हणजे सिग्नल सुटल्यासारखी गाडी सोडायची सोय, स्टँडर्ड. लाइन लॉकही स्टँडर्ड. (हे बटण पुढचे ब्रेक धरून ठेवतं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढू देतं. आपल्याकडे एवढ्यावर सोसायटीची मीटिंग बोलावतील.) लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलसुद्धा होतंच. थोडक्यात, मन्याने जे जे पुरावे म्हणून सांगितलं, ते पॅकेज नसलेल्या गाडीतही असतं!

मग पॅकेजमध्ये असायचं काय? पुढे ब्रेम्बोचे सहा पिस्टनचे कॅलिपर आणि ३८० मिलिमीटरच्या डिस्क. साध्या जीटीला चार पिस्टन आणि ३५२ मिलिमीटर. मोठा रेडिएटर. पुढच्या बाजूला बॉडी घट्ट धरणाऱ्या पट्ट्या. १९ इंची चाकं, चिकट समर टायर. आणि मॅन्युअल गाडीला ३.७३चं टॉर्सन डिफरन्शिअल, म्हणजे गिअरबॉक्समधून येणारा दांडा ३.७३ वेळा फिरला की मागचं चाक एकदा फिरणार. साध्या गाडीत हाच आकडा ३.३१. आकडा मोठा, तेवढी ओढ जास्त.

यादी नीट बघा. त्या ३.७३ची ओढ सोडली, तर पळण्यासाठी नवीन काहीच नाही. घोडे तेवढेच. जादा पैसे जातात ते गाडी थांबायला, वळायला आणि थंड राहायला. कंपन्यांचं गणित सरळ आहे. जाहिरातीत हॉर्सपॉवरचा आकडा छापता येतो, तिसऱ्या लॅपनंतरही ब्रेक तितकेच धरतात हे कसं छापणार? २०२४ मॉडेल म्हणून आलेल्या नव्या पिढीच्या जीटीतही तेच. ४८० हॉर्सपॉवर मुळातच, परफॉर्मन्स पॅक वेगळा. आपणही काही शहाणे नाही म्हणा. एबीएसची सक्ती होईपर्यंत आपल्याकडे कितीतरी जणांनी एबीएस सोडून अलॉय व्हील्स घेतलेत. मी त्यातलाच.

मन्याला म्हटलं, टॉर्च घे आणि जा. टायरच्या कडेवर शेवटचा आकडा वाच, १८ की १९. (चाकं बदलता येतात, म्हणून हा नुसता संशयापुरता पुरावा.) डॅशबोर्डच्या मध्ये दोन छोटे मीटर आहेत का बघ, ऑइल प्रेशर आणि व्हॅक्यूम. पॅकेजबरोबर ते येतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा ॲक्सलचा कोड लिहून घे आणि त्या वर्षाच्या यादीशी ताडून बघ. चॅसी नंबरवर विसंबू नकोस. त्यातलं आठवं अक्षर 'एफ' असेल तर इंजिन व्ही-एट आहे एवढंच कळतं, पॅकेज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ विंडो स्टिकर माग. अमेरिकेत १९५८पासून कायदाच आहे. नव्या गाडीच्या काचेवर स्टँडर्ड काय, जादा काय आणि त्याचे किती, हे सगळं चिकटवावंच लागतं. कायदा आणणारे सिनेटर मन्रोनी, म्हणून त्याला मन्रोनी स्टिकर म्हणतात. जुन्या गाडीच्या काचेवर मात्र वॉरंटी आहे की नाही तेवढं सांगणारा वेगळाच कागद असतो. मूळ स्टिकर आपणच मागून घ्यायचा.

रविवारी पहाटे एक वाजता मन्याचा मेसेज. आकडा १८. मीटर नाहीत. कॅलिपरवरचा लाल रंग नखाने निघाला. सेल्समन पंधरा मिनिटं आत जाऊन मूळ स्टिकरची कॉपी घेऊन आला. पॅकेजची ओळच नाही! "आधीच्या मालकाने आम्हाला तसं सांगितलं होतं," म्हणे. दोन हजार कमी झाले आणि संध्याकाळी गाडी मन्याच्या दारात. फोटोत वहिनीसुद्धा हसतायत.

परवा शनिवारी परत साडेसातला फोन.

"बॉस, ते ब्रेम्बोचे ब्रेक नंतर बसवता येतात का रे?"

येतात. पण त्या डिस्कसाठी आधी १९ इंची चाकं लागतील. मग त्यावर टायर. मी बोलता बोलता बेरीज करत होतो. दोन हजाराच्या बरीच पुढे गेली.

"वहिनींना विचारलंस?"

"म्हणून तर तुला विचारतोय."