गाडीचीही खातेवही असावी

परतवाड्याच्या बाजारपेठेत असे एक घर कल्पावे. तीन पिढ्यांचा किराणा व भुसार मालाचा व्यवसाय, पहाटे उघडणारे दुकान आणि रात्री रोकड जुळल्याशिवाय न मिटणारी वही. आजोबांच्या काळातील लाल कापडी बांधणीची खाती अजूनही कपाटात जपून ठेवलेली आहेत. अशा घराने दहा लाखांची मोटार घेतली. चौथ्या महिन्यात चिखलदऱ्याहून उतरताना एका वळणावर ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले आणि पायाखालचे पेडल धडधडू लागले. मागच्या आसनावर वृद्ध आईवडील आणि दोन मुले होती. गाडी कशीबशी कडेला थांबली. अनर्थ टळला, परंतु आईंनी त्या दिवसापासून घाटाच्या रस्त्याने गाडीत बसण्याचे नाकारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरला नेण्यात आली. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. तेथील सल्लागाराने शहराच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली आणि हसून सांगितले, “सर, नवीन गाडीत एवढं होतंच. चालवत राहा, सगळं बसेल.” जॉब कार्डवर त्याने दोनच शब्द लिहिले : ‘जनरल चेकअप’. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळाले की पॅड झिजले आहेत, ते झीज होणारे भाग असल्याने वॉरंटीत बसत नाहीत. आणि पॅडचे बिल हाती पडले. घाटातील थरथर मात्र होती तशीच राहिली.

तीन खेपा, तीनशे किलोमीटरचा प्रवास आणि दुकानाचे तीन दिवस खर्ची पडले. तरीही त्या घराजवळ असलेल्या एकाही कागदावर ‘ब्रेक थरथरतो’ हे शब्द नव्हते. जे घर उधारीच्या दहा रुपयांचीही नोंद करते, त्याने आयुष्यातील एका मोठ्या खरेदीचा सारा व्यवहार तोंडी शब्दावर सोडला होता. कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्या गाडीत अजून कोणताही दोष निर्माणच झालेला नव्हता.

दोष सपाट रस्त्यावर का दिसला नाही, याचे कारण साधे आहे. ब्रेकच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसेल किंवा ती किंचित वाकलेली असेल, तर पॅडची पकड प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते आणि तो धक्का पेडलपर्यंत पोहोचतो. घाट उतरताना ब्रेक सतत वापरला जाऊन तापतो, तेव्हा हा दोष अधिक जाणवतो. थंड ब्रेकने शहरात मारलेल्या फेरीत तो लपून राहू शकतो. म्हणूनच तक्रार सांगताना केवळ ‘आवाज येतो’ किंवा ‘गाडी बरोबर नाही’ असे म्हणणे पुरेसे नसते. कोणत्या रस्त्यावर, किती वेगात, किती वेळ चालवल्यावर, थंड असताना की तापल्यावर, हे सांगितले तरच तंत्रज्ञाला दोष शोधता येतो आणि पुढे वेळ आलीच तर तो सिद्धही करता येतो.

या सगळ्याचे मूळ जॉब कार्डात आहे. गाडी ताब्यात देताना त्या कागदावर ग्राहकाची तक्रार लिहिण्याची जागा असते. ती सल्लागाराच्या सोयीच्या शब्दांत नव्हे, तर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी : “घाट उतरताना दहा मिनिटे ब्रेक वापरल्यावर, चाळीसच्या वेगात, पेडल धडधडते व स्टिअरिंग थरथरते.” तारीख आणि किलोमीटरचा आकडा तपासून प्रत मागून घ्यावी. गाडी परत घेताना काय आढळले आणि काय केले, हेही लेखी घ्यावे. ‘दोष आढळला नाही’ असे उत्तर असेल, तर तेही कागदावर उतरलेच पाहिजे. कारण तोच दोष तिसऱ्यांदा उद्भवला, तर आधीच्या दोन नकारांचे मोल पुढे कळते. पैसे देऊन बदललेला जुना भाग परत मागावा. आपल्यासोबत बसून, दोष दिसतो त्या रस्त्यावर चाचणी घेण्याची विनंती करावी. एखाद्या गोष्टीला सेंटरने लेखी उत्तर दिले नाही, तर त्याच संध्याकाळी घडलेला प्रकार ई-मेलने कळवावा. चढ्या आवाजाने बोललेले वाक्य दुसऱ्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहत नाही. शांतपणे लिहिलेली चार ओळींची तक्रार मात्र वर्षानंतरही तशीच वाचता येते.

यानंतर प्रश्न येतो तो जबाबदारीचा. गाडी बनवणारी कंपनी आणि ती विकणारा विक्रेता हे दोन वेगळे पक्ष आहेत, याची जाणीव अनेकांना फार उशिरा होते. गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. २०११ साली त्याने नवी गाडी म्हणून पूर्ण किंमत मोजली. प्रत्यक्षात हाती आलेली गाडी २००९ साली तयार झालेली होती, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली होती आणि तिच्या खालच्या भागावर गंज होता. ग्राहक मंचापासून सुरू झालेला हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्स या उत्पादक कंपनीला त्यातून मुक्त केले. विक्रेत्याने काय केले याची माहिती कंपनीला होती असे दाखवणारे काही नसताना आणि दोघांचा संबंध दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा असताना, विक्रेत्याच्या कृत्याचा दोष कंपनीवर ठेवता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. विक्रेत्याची जबाबदारी मात्र कायम राहिली. यातून घेण्याचा बोध असा की, तक्रारीत दोघांनाही पक्षकार करावे. परंतु सेवेतील चूक कोणाची आणि निर्मितीतील दोष कोणाचा, हे प्रत्येकाविरुद्ध स्वतंत्रपणे मांडावे. गाडी ताब्यात घेतानाच चासी क्रमांक व निर्मितीचा महिना पाहून घेतला, तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

ग्राहकाची अपेक्षाही वास्तवाला धरून असावी लागते. गाडीत दोष निघाला की ‘गाडीच बदलून द्या’ अशी मागणी पुढे येते. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढेच वॉरंटीत लिहिलेले असेल, तर त्या आधारावर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. तेथे वाद क्लचचा होता. मात्र त्याच निकालात, दुरुस्तीसाठी ग्राहकाला जम्मूपर्यंत कराव्या लागलेल्या प्रवासाची दखल घेऊन ५० हजार रुपये देण्याचा आदेशही झाला. परतवाडा, अंजनगाव किंवा धारणीहून अमरावतीला खेपा घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक खेपेच्या इंधनाची पावती, गाडी टोचन करून न्यावी लागली असल्यास त्याचे बिल आणि त्या काळात भाड्याने घेतलेल्या वाहनाचा खर्च, ही सारी नोंद तक्रारीचाच भाग होऊ शकते.

दोष सिद्ध करण्याचा भार सामान्यतः ग्राहकावर असतो. गाडी वारंवार दुरुस्तीला गेली एवढ्यावरूनच निर्मितीतील दोष सिद्ध होत नाही, असे ग्राहक आयोगांनी अनेकदा म्हटले आहे. ज्या दोषाची खात्री तपासणीवाचून होत नाही, तेथे वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. तथापि काही दोष स्वतःच बोलतात. दिल्ली-पानिपत महामार्गावर २०१७ साली झालेल्या अपघातात एका ह्युंदाई गाडीच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत आणि चालवणारा जखमी झाला. कंपनीचा बचाव असा होता की, धडक पुरेशा जोराची नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित मांडण्याइतके भौतिकशास्त्र ग्राहकाला यावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ३ लाख रुपयांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम झाला. जो दोष अपघाताच्या क्षणीच उघड होऊ शकतो, त्याची कालमर्यादाही तो उघड झाल्यापासून मोजावी, हेही या प्रकरणाने अधोरेखित केले.

गावातील मिस्त्रीचा प्रश्न याहून नाजूक आहे. कल्पिलेल्या घराच्या बाबतीत असे होईल की, जयस्तंभाजवळचा ओळखीचा मिस्त्री चाक फिरवून पाहील आणि पाच मिनिटांत सांगेल, “भाऊ, पॅडचं काही नाही, डिस्कच वाकली आहे.” त्याचे निदान बरोबर असले, तरी घरच्यांना भीती वाटते की बाहेरच्या हाताने गाडी उघडली तर वॉरंटी जाईल. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांवर २,५०० कोटींहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. म्हणून व्यवहारात सावधपणा हाच की, वॉरंटीच्या काळात मिस्त्रीचे निदान ऐकावे, ते तक्रारीत लिहावे, परंतु तोच भाग बाहेर उघडू नये. वॉरंटी संपल्यावर मात्र मूळ भाग पक्क्या बिलाने घेऊन तो विश्वासू हातांकडून बसवून घेण्यात कोणताही कमीपणा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयीचे जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे.

एकच दोष अनेकांच्या गाड्यांत असेल, तर त्यासाठी वेगळी वाट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली आणि १ एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांना ते लागू आहेत. कंपनीने एखाद्या भागासाठी वाहने परत बोलावली असतील, तर चासी क्रमांक देऊन आपल्या गाडीचा त्यात समावेश आहे का, हे विचारता येते. अशी दुरुस्ती विनामूल्य असते.

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम विक्रेत्याला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी पत्र द्यावे, उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. गाडी नागपुरात घेतली असली, तरी परतवाड्याच्या ग्राहकाला अमरावतीच्या आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि २० लाखांपर्यंत ४०० रुपये आहे. वकील देणे सक्तीचे नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ‘पुढच्या महिन्यात पाहू’ या आश्वासनांत ती नकळत सरते, हे विसरू नये.

दुकानदारांसाठी एक सूचना येथे आवश्यक आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वाहनाला या कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. परंतु स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवण्याकरिता घेतलेले वाहन यातून वगळलेले आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा घेणाऱ्याचे उदाहरण देऊनच हा भेद समजावला. संत्र्याच्या पेट्या नेण्यासाठी एकच मालवाहू गाडी घेऊन ती स्वतः चालवणाऱ्याने म्हणूनच हताश होण्याचे कारण नाही.

या विषयाची दुसरी बाजूही आहे. वाचकांपैकी पुष्कळजण स्वतः गल्ल्याच्या आत बसणारे आहेत. काहींची सुट्या भागांचीच दुकाने आहेत. मूळ कंपनीच्या वेष्टनासारखे वेष्टन करून नकली ब्रेक पॅड विकले जातात आणि स्वस्त म्हणून ते घेतलेही जातात. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे. खऱ्या वस्तूच्या नावाने हुबेहूब दिसणारी खोटी वस्तू खपवणे, हा त्याचा अर्थ. ज्यांनी तो अतिचार सांगितला त्यांच्यापुढे मोटारी नव्हत्या, तरी घाटात तापलेल्या नकली पॅडला तो शब्द जसाच्या तसा लागू पडतो. शोरूमकडून जी सचोटी अपेक्षित आहे, तीच आपल्या दुकानात येणाऱ्यालाही मिळाली पाहिजे.

आता पुन्हा त्या घराकडे वळावे. दुकानातील एक कोरी वही गाडीच्या नावाने उघडली आहे. पहिल्या पानावर चासी क्रमांक, खरेदीची तारीख आणि वॉरंटीची मुदत आहे. चौथ्या खेपेला जॉब कार्डावर पूर्ण तक्रार लिहून घेतली गेली, आधीच्या तीन तारखा त्यात नमूद झाल्या आणि घाटातच चाचणी घ्यावी अशी लेखी मागणी झाली. अशा मागणीनंतर सेंटरचा तंत्रज्ञ सोबत बसून चिखलदऱ्याचा घाट उतरला आणि त्याच्याच पायाखाली पेडल धडधडले, तर डिस्क वॉरंटीत बदलून मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. ती मिळाली नाही, तर अमरावतीच्या आयोगापुढे ठेवण्यासाठी ही वही तयार असते. आईंना घाटात पुन्हा गाडीत बसवायचे असेल, तर मुलाने आधी स्वतः एकट्याने तो घाट दोनदा उतरून पाहावा आणि ब्रेक कसा लागला, ते त्याच वहीत लिहून ठेवावे.