उघड्या दाराचे लग्न

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी हात पोळल्यावरच रचली असावी. घर आणि लग्न या दोन्ही खर्चांची परमावधी एकाच जागी पाहायची असेल, तर पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या वो-ल-व्हिकोंतकडे पाहावे. अशा वास्तूला फ्रेंचांत 'शातो' म्हणतात. आपण त्याला किल्ला म्हणून मोकळे होतो. पण येथे खंदक आहे तो शोभेचा, लढाईचा नव्हे.

शरद ऋतूत या वास्तूचे रूप खुलते. ऊन तिरपे होते, दगडी भिंतींवर मधाचा रंग चढतो, आखीव बागेपलीकडची झाडे पिवळी-तांबूस होतात. संध्याकाळ लवकर उतरते आणि मेणबत्त्यांना काम मिळते. अशा वेळी तेथे पन्नास-साठ निवडक पाहुणे, मंद वाद्यसंगीत आणि साधी पांढरी फुले, एवढ्यावर लग्न साजरे करावे असे एखाद्या जोडप्याला वाटले, तर त्यांच्या रसिकतेला नावे ठेवता येणार नाहीत. जून २००४ मध्ये पोलाद उद्योगपती लक्ष्मी मित्तल यांच्या कन्येच्या विवाहसोहळ्यासाठी हीच वास्तू निवडली गेली आणि 'शातोतले लग्न' आपल्या दिवाणखान्यांतल्या गप्पांत येऊन बसले.

या वास्तूची कुळकथा मात्र वधूपित्यांनी वाचण्यासारखी आहे. चौदाव्या लुईचा अर्थप्रमुख निकोला फुके याने ती बांधली. वास्तुकार ल व्हो, चित्रकार ल ब्रं आणि उद्यानकार ल नोत्र असे तीन अव्वल कलावंत त्याने एकत्र आणले. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने राजाला मेजवानी दिली. मोलिएरचे नवे नाटक झाले, दारूकाम झाले. तीन आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, फुकेला अटक झाली. अटकेचा बेत आधीपासूनच शिजत होता, असे इतिहासकार सांगतात. पण त्या रात्रीच्या थाटाने राजाचे मन निवले नाही, हे नक्की. ते तिन्ही कलावंत पुढे राजाच्या व्हर्सायच्या कामाला लागले आणि फुके १६८० मध्ये कैदेतच वारला.

फुकेच्या घरी त्या रात्री पाहुणे पुष्कळ होते, पण सारी मेजवानी होती एका पाहुण्यासाठी. आजच्या लग्नांतही असा एक राजा येऊन बसतो. त्याचे नाव कॅमेरा. वधूने केव्हा हसायचे, वराने कोठून यायचे, अंतरपाट किती वेळ धरायचा, हे तोच ठरवतो.

पुढे १८७५ मध्ये ही मालमत्ता लिलावात एका साखर कारखानदाराने घेतली आणि मोडकळीला आलेला वाडा सावरला. साखरसम्राट ही जात केवळ आपल्याकडचीच आहे असे समजू नये! १९६७ मध्ये तर हा अख्खा वाडा एका नवदांपत्याला लग्नाचा आहेर म्हणून मिळाला. आहेर घरी आला की त्याच्यासाठी जागा शोधावी लागते; या आहेराच्या छपरासाठी पैसा शोधावा लागला. १९६८ पासून तो तिकीट लावून लोकांसाठी खुला झाला. आज फ्रान्समधले कितीतरी वाडे समारंभांच्या भाड्यावर आपली छपरे शाकारतात. आपण ज्याला राजेशाही म्हणतो, तो मालकाच्या दृष्टीने दुरुस्तीचा निधी असतो. त्यात गैर काहीच नाही.

खरी गंमत पुढे आहे. अशा शातोत कितीही थाटाने विधी केले, तरी फ्रान्सच्या कायद्याने ते लग्न ठरत नाही. १७९२ पासून तेथे विवाह लागतो तो नगरपालिकेच्या कचेरीत, महापौर किंवा त्याच्या प्रतिनिधीसमोर. गावच्या सूचनाफलकावर दहा दिवस आधी नोटीस लागते. विधी चालू असताना कचेरीचे दार उघडे ठेवावे लागते, कारण लग्न ही सार्वजनिक गोष्ट आहे. कोणीही आत येऊन ते पाहू शकते. शातोचा मालक असला तरी त्यालाही याच दारातून जावे लागते. वधूवरांपैकी एकाचे किंवा त्यांच्या आईवडिलांचे त्या गावात घर किंवा निदान महिनाभराचे वास्तव्य असावे, अशीही अट आहे. चार दिवसांसाठी आलेल्या आपल्या मंडळींना ती कुठली पुरी होणार? म्हणून ते कायदेशीर लग्न आपल्या गावी उरकतात आणि तेथे उरतो तो देखावा. फ्रेंच लग्नातला सर्वांत सुंदर भाग म्हणजे ते उघडे दार, आणि नेमके तेच आपण मागे ठेवून येतो.

मी बँकेत लागलो तेव्हा परकीय चलन हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. आज रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. २६ नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी परदेशातल्या लग्नांबद्दल प्रश्न केला, तो देशाच्या पैशाच्या काळजीने. माझी काळजी वेगळी आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तो खर्चावा. हौसेला मोल नसते. ज्याच्याकडे नाही त्याने कर्ज काढू नये, एवढेच. लग्नाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत नवरा-नवरीची मुले शाळेत जाऊ लागलेली मी पाहिली आहेत.

पण ताळेबंदात न दिसणारा एक खर्च असतो. तो यादीतून गळलेल्या नावांचा. गुडघ्यांनी थकलेली मावशी, पासपोर्ट कधी न काढलेले काका, मुलीला दहा वर्षे शाळेत सोडणारे रिक्षावाले, शेजारच्या काकू. आपल्या पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' हे शब्द छापलेले असत. त्या दोन शब्दांत कितीतरी माणसे मावत. शातोच्या निमंत्रणात माणसे मोजावीच लागतात. खुर्च्या आणि खोल्या तेवढ्याच असतात. ही माणसे जेवायला येतात हे खरे, पण ती साक्षीलाही येतात. पुढे संसारात कधी भांडे वाजले, तर समजूत घालायला तीच लागतात. विमानाने आलेला छायाचित्रकार नव्हे.

म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. शरदातली ती संध्याकाळ आयुष्यभर पुरेल. पण त्याआधी आपल्या गावात, साध्या कार्यालयात, पेढा आणि चहा देऊन का होईना, सगळ्यांच्या देखत अक्षता पडू द्याव्यात. वाड्याला दार असते, मांडवाला नसते. म्हणून तर पूर्वीचे लोक वाडा असूनही अंगणात मांडव घालीत.