पंखा हातात घेण्यापूर्वी

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे शाळाशाळांतून तालमींचे आवाज ऐकू येऊ लागतात, आणि कार्यक्रमपत्रिकेत नाट्यछटा, समूहगीत, लेझीम, कोळीनृत्य ह्यांच्या जोडीला बहुधा एक 'जपानी नृत्य' असतेच. त्याची सामग्रीही ठरलेली: फुलाफुलांच्या साड्या गुंडाळून केलेले किमोनो, अंबाड्यात खोचलेल्या विणकामाच्या सुया, गालांवर लाली, हातात कागदी पंखे, आणि साथीला १९६६ साली आलेल्या 'लव्ह इन टोकियो' ह्या चित्रपटातील एखादे गाणे. मुली लहान लहान पावले टाकतात, पंखा उघडतात, मिटतात, कमरेत वाकतात. टाळ्या पडतात आणि पडदाही पडतो. ह्या चार मिनिटांच्या करमणुकीविषयी एवढा गंभीर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझ्यापाशी एक जुने कारण आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. संमेलनास चार दिवस उरले असता आठवीच्या आठ मुलींचे जपानी नृत्य बसविण्याचे काम माझ्याकडे आले. मला त्यातले काहीही येत नव्हते. परंतु नव्या शिक्षिकेने 'येत नाही' म्हणावे असे ते दिवस नव्हते. बाजारातून आठ पंखे आणविले, गाणे ठरविले, पावले मीच कल्पनेने रचली. कार्यक्रमाच्या रात्री ऐन रंगात एका मुलीच्या पंख्याची खीळ निखळली आणि काड्या रंगमंचावर विखुरल्या. ती क्षणभर थबकली आणि मग खाली बसून एकेक काडी वेचू लागली. मंडपात हशा पिकला. पडद्याआड आल्यावर ती रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिने मला विचारले, "बाई, जपानातल्या बायकांच्या हातून पंखा कधी पडतच नाही का हो?"

मला उत्तर देता आले नाही. तिला मी एक वस्तू हातात दिली होती. ती वस्तू काय आहे, हे मी तिला सांगितले नव्हते, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. पुढे जे वाचले, चित्रफितींतून पाहिले आणि जाणत्यांना विचारले, ते त्या प्रश्नाच्या टोचणीमुळे.

पहिली गोष्ट कळली ती पंख्याविषयीच. नृत्यासाठी जपानात वेगळा पंखा करतात. त्यास 'माइ-ओगी' म्हणतात. त्याला साधारणतः दहा काड्या असतात, लांबी सुमारे २९ सेंटिमीटर, आणि जेथे साऱ्या काड्या खिळीने एकत्र येतात तेथे शिशाचे बारीक वजन बसविलेले असते. त्या वजनामुळे पंखा बोटांवर गरकन फिरतो, हवेत उडवून पुन्हा झेलता येतो आणि हाताशी इमानी राहतो. बाजारातल्या पंख्यात हे काहीच नसते. त्या रात्री माझ्या विद्यार्थिनीच्या हातात पंखा नव्हताच म्हणा ना, पंख्याचे चित्र होते!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जपानी नृत्याचा पाठ सुरू होताना विद्यार्थिनी गुडघे मोडून बसते, मिटलेला पंखा आपल्यापुढे जमिनीवर आडवा ठेवते आणि वाकून नमस्कार करते. तो मिटलेला पंखा म्हणजे एक मर्यादारेषा. अलीकडे आपण, पलीकडे गुरू. रंगमंच असेल तर पलीकडे प्रेक्षक. नमस्कार झाल्यावर तो उचलायचा आणि मग नृत्याला प्रारंभ. आपल्याकडे घुंगरांना हात लावून कपाळाशी नेतात, त्याच जातीची ही भावना आहे. आम्ही मात्र पंखे टोपलीतून वाटले होते.

चौदाव्या शतकात कानआमी आणि त्याचा पुत्र झेआमी ह्या नटांनी 'नो' नावाच्या नाट्यप्रकाराला रूप दिले. त्याचा रंगमंच जेमतेम सहा मीटर लांबीरुंदीचा चौक असतो. मागील फळीवर रंगविलेला एक पाइन वृक्ष, एवढीच काय ती सजावट. ना डोंगर, ना नदी, ना राजवाडा. प्रमुख नट बहुधा मुखवटा घालतो, म्हणजे चेहराही हातचा गेला. राहिले काय? शरीराची अत्यंत संथ हालचाल आणि एक पंखा. तो पंखा मद्याचा पेला होतो, तलवार होतो, पत्र होतो. वर उचलून धरला की चंद्र होतो. नट सांगत नाही की हा चंद्र आहे. तो फक्त तेथे पाहतो, आणि पाहणाऱ्याने तो पाहावयाचा असतो.

येथे रसास्वादाचा प्रश्न येतो. आपण म्हणतो, "फार संथ आहे, काही घडतच नाही." वस्तुतः घडणाऱ्या गोष्टीचा अर्धा वाटा प्रेक्षकावर सोपविलेला असतो आणि आपण तो उचललेला नसतो. ही रीत आपल्याला अपरिचित आहे असेही नाही. आपल्या तमाशात नट रंगमंचाला एक फेरी घालतो आणि काशीला पोहोचतो. कोणी त्याला तिकीट विचारीत नाही. बैठकीच्या लावणीत गाणारी स्त्री जागची उठतही नाही. पदराचे टोक आणि बोटे एवढ्यावर ती रुसवा, वाट पाहणे, भेट, सारे उभे करते. ज्याने ती अदाकारी लक्ष देऊन पाहिली आहे त्याला जपानी पंखा समजावयास अडचण पडू नये. पदराला आपण कला म्हणून मान देत नाही, म्हणून पंखाही आपल्याला खेळण्यासारखा वाटतो, असे माझे मत आहे.

'नो' हे सरदारांच्या आश्रयाने वाढले. लोकांमध्ये नृत्य आले ते दुसऱ्या वाटेने. १६०३ साली ओकुनी नावाच्या स्त्रीने क्योतो नगरीत आपल्या नृत्यनाट्यास आरंभ केला आणि त्यातून काबुकी जन्मास आले. १६२९ साली सरकारने स्त्रियांना त्या रंगमंचावर बंदी केली. पुढे पुरुषच स्त्रीभूमिका करू लागले आणि त्या भूमिकांतील नृत्ये पराकोटीला पोहोचली. बालगंधर्वांची कीर्ती आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आपल्या घरांना ह्याचे नवल वाटणार नाही. परंतु स्त्रियांनी नृत्य सोडले नाही. हानायागी, फुजिमा अशा घराण्यांतून ते शिकविले गेले, आणि आज ह्या नृत्याच्या विद्यार्थ्यांत स्त्रियांचीच संख्या अधिक आहे. शिष्य तयार झाला की त्याला घराण्याचे नाव मिळते. आपल्या धारवाड-हुबळीकडे ज्यांनी किराणा घराण्याचे गाणे ऐकले आहे त्यांना 'घराणे' ह्या शब्दामागची वर्षे मोजून दाखवावयास नकोत. त्या वर्षांच्या जागी आम्ही चार दिवस ठेवले होते.

हे लिहिले म्हणजे आमच्यातील काही मंडळी लगेच म्हणतात, "म्हणूनच म्हणतो, परक्यांचे नाच हवेतच कशाला?" त्यांना मी पंख्याचीच कथा सांगते. मिटणारा पंखा ही मूळची जपानची कल्पना; हजार-बाराशे वर्षांपूर्वी सुरूच्या जातीच्या झाडाच्या पातळ पट्ट्या ओवून तो प्रथम करीत. तेथून तो चीनला गेला. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्या सुमारास मिटणारे पंखे युरोपात जाऊ लागले. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साऱ्या कारभाराचे ठाणे होते गोवे, म्हणजे आपल्या कलघटगीहून घाट उतरला की लागणारा मुलूख. १५४८ साली आंजिरो नावाचा एक जपानी मनुष्य गोव्यात शिकत होता. १५८२ साली नागासाकीहून युरोपला निघालेले चार जपानी मुलगे, वयाने तुमच्याएवढेच, जाताना आणि येताना गोव्यात राहिले होते. तेव्हा जपान आणि आपला किनारा ह्यांचा परिचय चित्रपटातील गाण्यापासूनचा नव्हे. तो साडेचारशे वर्षांहून जुना आहे.

आणि त्याच गोव्यात पंखा हातात घेऊन केले जाणारे नृत्य आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? त्याचे नाव मांडो. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतील ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत ते बहरले. शब्द कोकणी, चाल संथ आणि बहुधा उदास, साथीला व्हायोलिन आणि घुमट. विषय विरहाचे, मीलनाच्या ओढीचे. स्त्रिया 'तोडोप-बाजू' हा जरीकामाचा पोशाख करून, खांद्यावर शाल घेऊन एका रांगेत उभ्या राहतात, पुरुष दुसऱ्या रांगेत. रांगा समोरासमोर येतात, मागे सरतात, एकमेकींतून पार होतात. स्त्रियांच्या हातात पंखा, पुरुषांच्या हातात रुमाल. स्पर्श नाही, धावपळ नाही. पंख्याआडून वर आलेली नजर आणि पुन्हा झाकलेला चेहरा, एवढाच त्यातील संवाद. जपानी पंखा चंद्र होतो, पेला होतो. मांडोतील पंखा पंखाच राहतो, पण तो कधी उघडावा आणि कधी आड धरावा ह्यात सारी कुलीनता आणि सारी व्याकुळता साठविलेली असते. पोर्तुगीज आमदानीतील नृत्यशाळांची छाया त्यावर आहे. परंतु घुमटाचा ठेका आणि कोकणी शब्द त्याला आपल्या मातीत रोवून ठेवतात. ह्या घुमटाला गोवे सरकारने २०१९ साली वारसावाद्याचा मान दिला. तोर्कातो द फिगेरेदो (१८७६-१९४८) ह्यांच्यासारख्यांनी मांडो रचले, मिकाएल मार्तिन्स (१९१४-१९९९) आणि जोझे परेरा (१९३१-२०१५) ह्यांनी ते घरोघर हिंडून, टिपून, छापून जतन केले. आम्ही मात्र गोव्याला सहल नेतो ती समुद्रकिनारा, चर्च आणि मंगेशी पाहून परत आणतो.

टोकियो आम्हाला जवळचे आणि मडगाव परके! ह्याचे कारण अप्रिय असले तरी सांगितले पाहिजे. जपानी नृत्य कोणाचेच नसते, म्हणून ते कसेही केले तरी कोणी जाब विचारीत नाही. मांडो शेजाऱ्याचा आहे. त्याचा धर्म वेगळा, त्याच्या पोशाखाला आपल्याकडे नाव नाही, आणि चुकले तर चुकले म्हणून सांगणारा माणूस श्रोत्यांत बसलेला असू शकतो. ज्यांच्या घरी मराठी आणि दारी कन्नड, अशा आपल्या शाळेतील मुलामुलींना शेजाऱ्याचे शिकणे काही नवे नाही. मग येथेच का अडावे?

दुसरा आक्षेप अधिक गोड शब्दांत येतो. "मुलींना नटायला मिळते, लोकांना बरे वाटते, चार मिनिटांचा तर खेळ. एवढा विचार कशाला?" पहिल्या आक्षेपापेक्षा मला हाच अधिक घातक वाटतो. अशी कल्पना करा की ओसाकातील एखाद्या शाळेने पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दोऱ्या बांधल्या, त्यावर निळा माणूस काढला आणि फलक लावला, 'कलघटगीचा पाळणा'. आपल्याला हसू येईल. मग थोडे वाईट वाटेल. कारण आपल्या गावच्या पाळण्याला लाकूड कसे निवडावे लागते, लाखेचा रंग कसा चढवावा लागतो, त्यावरचा बाळकृष्ण काढताना हात किती स्थिर लागतो, हे आपण कारागिरांच्या ओट्यावर बसून पाहिले आहे. त्या पाळण्यात आईनंतर मुलगी आणि मुलीनंतर नात निजलेली असते. तो फलक लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, एवढ्याने आपले समाधान होईल काय?

म्हणून यंदाच्या संमेलन समितीपुढे मी एक सूचना ठेवली आहे. जपानी नृत्य गाळावे असे मी म्हणत नाही. ते ठेवावयाचे तर निदान एक सत्रभर आधी सुरुवात करावी. मुलींना प्रथम खऱ्या कलावंतांच्या चित्रफिती दाखवाव्यात. वजन घातलेला एक तरी खरा पंखा मिळवावा आणि तो सर्वांच्या हातांतून फिरवावा. चित्रपटाचे गाणे नको. रंगमंचावर आपण तीच पावले टाकू शकणार नाही, आणि तसा आवही आणू नये. पंखा पुढे ठेवून नमस्कार, आणि मग एकाच पंख्याचे चार अर्थ, एवढे जरी नीट साधले तरी पुष्कळ. आणि ते साधणार नसेल, तर त्या जागी मांडो घ्यावा. तो शिकवू शकणारे माणूस गोव्यातून आणणे एका रात्रीच्या प्रवासाचे काम आहे. ह्याला विरोध झाला आहे, विशेषतः गाण्याच्या बाबतीत. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

एक गोष्ट मी सूचनेत लिहिलेली नाही; येथे लिहिते. 'नो'च्या रंगमंचावर मागच्या बाजूला काळ्या पोशाखात एक मनुष्य स्तब्ध बसलेला असतो. त्याला 'कोकेन' म्हणतात. नटाचा पोशाख सरकला तर तो नीट करतो, लागणारी वस्तू हाती देतो, आणि हातातून निसटलेली वस्तू उचलणे हेही त्याचेच काम. सगळे त्याला पाहतात आणि कोणीही त्याच्याकडे पाहत नाही. म्हणजे जपानातही पंखा पडतो. तो पडेल हे त्यांनी कित्येक शतकांपूर्वीच गृहीत धरले आणि त्यासाठी एक माणूस बसवून ठेवला.

ती मुलगी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. यंदा नृत्य कोणतेही ठरो, रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात काळी साडी नेसून मी बसणार आहे.