डॉक्टर आणि समुपदेशक एकमेकांशी बोलतात का?

मानसोपचारतज्ज्ञ बहुतेकदा महिन्यातून दहा मिनिटं भेटतात, गोळ्या लिहून देतात. समुपदेशक आठवड्याला तासभर ऐकतात, पण त्यांना औषध लिहिता येत नाही. दोघांमधलं निरोप्याचं काम आजारी माणसानेच करायचं!

रमजानचंच घ्या. लिथियम घेणाऱ्याने दिवसभर पाणी सोडलं तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात थरथरतात, उलट्या होतात. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, तरी रोजा धरल्याचं तो समुपदेशकाला सहज सांगतो, डॉक्टरांना सांगायला बिचकतो. (‘धरू नका’ म्हणतील ना!) रुग्णाच्या संमतीने त्याच दिवशी समुपदेशकाने डॉक्टरांना फोन केला, तर रक्ततपासणी वेळेवर होईल.

म्हणून घरच्यांनी पहिल्याच भेटीत दोघांनाही विचारावं, तुम्ही एकमेकांशी बोलता का?