नाव किराण्याचे, गाणे मिरजेचे

एखाद्या गावाचे नाव कशाने होते, असे कुणी विचारले की आपण हैदराबादकर चारमिनारकडे बोट दाखवतो, फार तर बिर्याणीकडे. गाण्याचा विषय निघाला म्हणजे मात्र आपल्याला पाहुण्यांची यादी सांगावी लागते. १८५७ नंतर दिल्लीचा दरबार मोडला, तेव्हा तानरस खाँ पुढे निजामाच्या आश्रयाला आले आणि इथेच वारले. बडे गुलाम अली खाँ १९६८ साली बशीरबागेत वारले. तिथल्या रस्त्याला त्यांचे नावही आहे. परंतु एकाचे घराणे दिल्लीचे, दुसऱ्याचे पतियाळ्याचे. हैदराबादच्या वाट्याला कबरी आल्या.

आता किराणा पाहा. मूळ गाव कैराना, उत्तर प्रदेशात शामली जिल्ह्यात. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले असेल? अब्दुल करीम खाँ तिथले खरे. पण ते राहिले मिरजेला, विद्यालय काढले पुण्यात, आणि १९३७ साली वारल्यावर त्यांचे दफनही मिरजेतच झाले. गाणे पुढे नेले ते कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी आणि त्यांच्या शिष्यांनी, म्हणजे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांनी. 'गाणे कुणाचे?' या प्रश्नाला ही कानडी मुलखातली मंडळी 'किराण्याचे' म्हणत राहिली, म्हणून ते गाव आपल्याला ठाऊक.

कोल्हापूरची गोष्ट तर आणखी मजेची. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँना आश्रय दिला, केसरबाई आणि मोगूबाईंनी ते गाणे मुंबईत गाजवले, आणि नाव जयपूर-अत्रौलीचे! (कोल्हापूरकरांजवळ निदान देवल क्लब तरी आहे.)

पगार देणाऱ्या गावाचे नाव होत नाही. शागीर्द ज्याचे नाव घेतात त्याचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याच शहरातले कव्वालीचे उदाहरण घ्या. तानरस खाँशी वंशाचे नाते सांगणारे अजीज अहमद खाँ वारसी यांना १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि नातवांनी ती गायकी पुढे चालवली. त्यांना कुणी दिल्लीचे म्हणत नाही. ते हैदराबादचे वारसी.

ख्यालाच्या बाबतीत आपण काय करतो? गणेशोत्सवात पुण्या-मुंबईचा गवई आणायचा, वर्गणीतली मोठी बिदागी त्याला, जाण्यायेण्याचा खर्च वर. गावातल्या मास्तराला शाल-नारळ आणि सुरुवातीचा अर्धा तास, तोही सतरंज्या घालणे चालू असताना. पाहुणा येऊच नये, असे मी म्हणत नाही. पण इथे मुलगी बरी गाऊ लागली की आईवडील म्हणतात, "मास्तर, आता हिला पुण्याला ठेवावी म्हणतो." अवश्य ठेवा. पुढे ती नावारूपाला येते, तेव्हा छापील परिचयात तिच्या पहिल्या आठ वर्षांचे गाव गळालेले असते. निदान ते गळू देऊ नका, एवढी जुन्या घरांना विनंती. आणि यंदा एका पाहुण्याची बिदागी वाचवून गावातल्या दोन मुलांच्या तालमीची सोय करा. दहा वर्षे, मध्येच न सोडता.