‘नाद लागलाय’ हे निदान नव्हे

सोळा वर्षांच्या मुलीचे डोके दुखते, पोटात कळा येतात, शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येते. तपासण्यांत फारसे काही निघत नाही. मग आई खुर्ची पुढे ओढून हळूच सांगते, ‘डॉक्टर, हिला एका मुलाचा नाद लागलाय.’ आणखी थोडे विचारल्यावर कळते की आईने सहा महिन्यांपूर्वी दुसरे लग्न केले आहे. घरात नवे वडील आले आहेत आणि त्यांचा बारावीतला मुलगाही. (हिमोग्लोबिन मात्र आधी पाहावेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. प्रत्येक चक्कर मनातूनच येते असे नाही.)

आईने पुन्हा संसार मांडला यात गैर काहीच नाही. महाराष्ट्राला हे नवेही नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा पहिल्या पत्नीपासूनचा त्यांचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून लैंगिक आरोग्यावर मराठीत उघडपणे लिहू लागला. त्या विवाहाबद्दल आपण शाळेत शिकतो. घरातल्या त्या मुलाला तेव्हा काय वाटले असेल, हे सहसा कोणी विचारत नाही. आजही विचारत नाही.

नागपुरात मे महिन्यात एका कूलरसमोर अख्खे घर झोपते. कालपर्यंत अनोळखी असलेला मुलगा आता त्याच खोलीत आहे. मुलीने कपडे कुठे बदलायचे, पॅड कुठे ठेवायचे? ‘काका’ म्हणायची सवय असताना ‘बाबा’ म्हण असा आग्रह होतो. सख्ख्या वडिलांची आठवण काढली की आईचा चेहरा उतरतो, म्हणून तीही बंद. अशा वेळी शिकवणी वर्गातला एखादा मुलगा ‘जेवलीस का?’ एवढे विचारतो. त्याचे तिला अप्रूप वाटले तर नवल ते काय?

तरीही सगळे खापर दुसऱ्या लग्नावर फोडू नये. या वयात कोणीतरी आवडणे ही वाढच आहे, आणि ती सख्ख्या आईबापांच्या घरातही होते. भावना आधी उसळतात; त्यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून मोबाइल हिसकावून, शिकवणी बंद करून प्रश्न सुटत नाही, तो लपतो. अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन यांनी पुनर्विवाहित कुटुंबांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. नव्या वडिलांनी लगेच शिस्तीचा दांडका हाती न घेता आधी ओळख वाढवली आणि आईच्या निर्णयांना साथ दिली, तिथे घर लवकर सावरले. सहा महिने म्हणजे काहीच नाही. याला काही वर्षे लागतात.

मुलीशी एकटीने बोलणे आवश्यक असते. त्यात एक प्रश्न टाळता येत नाही: घरात कोणाची भीती वाटते का, कोणाचा स्पर्श नकोसा वाटतो का? हा प्रश्न नव्या वडिलांवरचा आरोप नाही. आम्ही तो सख्ख्या घरातल्या मुलींनाही विचारतो.

बोलण्याआधीच तिला गुप्ततेची मर्यादाही सांगावी लागते. नुसते प्रेम जडले असेल तर ते आमच्यापाशीच राहते. शारीरिक संबंध असतील तर २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली, तिची संमती असली तरी, अठराच्या आतल्या मुलीबाबत कळवणे बंधनकारक आहे. या धास्तीने मुली दवाखान्यात येत नाहीत आणि दिवस गेल्यावर मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणतात. त्यातून रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिक १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीच आहेत. टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येते. घरात धोका असेल तर १०९८ लावावा. आणि मुलीला घेऊन आलात की दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर बसा. आईनेही, आणि सोबत आले असतील तर ‘काकां’नीही.